भरिताची वांगी, पामतेल आणि ताईचे १५०० रुपये

व्हॉट्सॲपवर परत तोच मेसेज फिरतोय, की सरकार नोटा छापून बायकांना पैसे वाटतंय म्हणून महागाई वाढली. अहो, राज्य सरकारला नोट छापताच येत नाही, ते काम रिझर्व्ह बँकेचं. राज्याकडे रस्ते तीनच, कर वाढवा, कर्ज काढा नाहीतर दुसऱ्या खर्चाला कात्री लावा. २०२४ च्या बजेटात राज्याने लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटी धरले होते, म्हणजे आकडा काही लहान नाही. पण मला जास्त उत्सुकता आहे ती हा पैसा पुढे जातो कुठे याची.

समजा आमच्या यावल तालुक्यातल्या एका ताईच्या खात्यात योजनेचे १५०० आले. तिने आणि तिच्यानंतर पैसा ज्याच्या ज्याच्या हातात गेला त्या प्रत्येकाने ८० टक्के खर्च केला, तर १५०० नंतर १२००, मग ९६०, मग ७६८ असं फिरत फिरत सगळ्यांच्या उत्पन्नाची बेरीज ७५०० वर जाते. हा गुणक, म्हणजे सरकारच्या एका रुपयातून एकूण किती रुपयांचं उत्पन्न तयार होतं तो आकडा, इथे ५. रिचर्ड कान या अर्थतज्ज्ञाने १९३१ ला मांडला, केन्स या अर्थतज्ज्ञाने १९३६ ला तो गाजवला.

पण ताई घेते काय? बामणोदची भरिताची वांगी घेतली तर पैसा शेतकऱ्याकडे, त्याच्याकडून मजुराकडे, मजूर गावातच किराणा भरतो. तेलाची पिशवी घेतली तर दुकानदाराचं मार्जिन तेवढं गावात राहतं, कारण देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, पामतेल तर इंडोनेशिया-मलेशियातून. ही गळती. प्रत्येक फेरीत खर्चाचा अर्धा पैसा असा बाहेर गेला तर १५०० नंतर ६००, मग २४०, मग ९६, आणि बेरीज २५०० लाच थांबते. त्यात मागणी वाढून वांगी तेवढीच पिकली तर भाव चढतो आणि उरलेला फायदाही त्यातच जातो.

सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या एनआयपीएफपी या संस्थेत असताना बोस आणि भानुमूर्ती या अर्थतज्ज्ञांनी भारताचे गुणक काढले होते. थेट पैसे वाटले तर ०.९८, धरण-रस्त्यासारख्या भांडवली खर्चाला २.४५. ताईला पैसे द्यायला माझा अजिबात विरोध नाही, महिनाअखेरीला तेच कामी येतात. पण उद्या कात्री अमळनेरच्या तापीवरच्या पाडळसरे धरणावर चालली, जे आधीच वर्षानुवर्षं रखडलंय, तर २.४५ वाला रुपया काढून ०.९८ वाल्या खात्यात टाकला असं होईल, आणि वांगी वाढवायला लागणारं पाणीही तापीतून तसंच गुजरातकडे वाहत राहील.