नृत्यचित्रण

नृत्याचा रंगमंचीय प्रयोग, तालीम किंवा खास कॅमेऱ्यासाठी बांधलेली नृत्यरचना चलत्‌चित्रात टिपणे व ती ध्वनीसह पाहण्याजोगी सिद्ध करणे. याचे दोन प्रकार आहेत. प्रयोग जसा झाला तसा जपणारी ती ‘नोंद’. कॅमेऱ्याची जागा, हालचाल व संकलन हेच ज्यात रचनेचे भाग असतात तो ‘नृत्यपट’. दुसऱ्या प्रकाराला सिने-डान्स, व्हिडिओ-डान्स, स्क्रीनडान्स अशी नावे वेळोवेळी मिळाली. नर्तकाच्या प्रसिद्धीसाठी केलेली एक-दोन मिनिटांची फीत बहुधा नोंदीतूनच कापून काढतात. दोन प्रकारांपैकी कोणता हवा हे चित्रीकरणाआधी ठरले नाही, तर हाती येणारी फीत धड नोंदही होत नाही आणि धड नृत्यपटही.

आरंभ : नृत्यचित्रणाचा आरंभ चलत्‌चित्राच्या आरंभाइतकाच जुना आहे. एडिसनच्या न्यू जर्सीतील ‘ब्लॅक मारिया’ या चित्रणगृहात डब्ल्यू. के. एल. डिक्सन व विल्यम हाइझ यांनी स्पॅनिश नर्तकी कार्मेन्सिता हिचे नृत्य टिपले. ते बहुधा मार्च १८९४ मधले. त्याच वर्षापासून अ‍ॅनाबेल व्हिटफर्ड हिची ‘सर्पेंटाइन’ नृत्ये चित्रित होऊ लागली. रेशमाचे प्रचंड घेर हातांतल्या काठ्यांनी घुमवण्याचे हे नृत्य मुळात अमेरिकन नर्तकी लोई फुलर हिने १८९१–९२ च्या सुमारास प्रसिद्धीस आणलेले. अ‍ॅनाबेलच्या फितींना इतकी मागणी होती की मूळ निगेटिव्ह झिजून तेच नृत्य पुन्हा पुन्हा चित्रित करावे लागले, असे मानतात. उपलब्ध प्रतींची कालनिश्चिती १८९४ ते १८९७ अशी हेलकावे खाते ती त्यामुळेच.

फ्रान्समधील आद्य चित्रपटकार ल्यूमिएर बंधूंच्या नावावरची याच नृत्याची फीत (सु. १८९६–९७) दीर्घकाळ ‘लोई फुलरचे नृत्य’ म्हणून दाखवली गेली. आज बहुतेक अभ्यासक तीत फुलर नसून तिचे अनुकरण करणारी दुसरी नर्तकी आहे असे मानतात, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. १९०५ च्या सुमाराच्या, वटवाघळाची नर्तकी होते त्या फितीबद्दलही हीच शंका घेतली जाते. या फितींतल्या रंगांवरून मंचावरच्या प्रकाशाचा अंदाज बांधणेही धोक्याचे आहे. फुलरच्या वस्त्रांवर रंगीत विद्युत्‌प्रकाश पडे; फितीवरचे रंग मात्र चित्रागणिक कुंचल्याने भरलेले आहेत.

याहून मोठा घोळ वेगाचा आहे. एडिसनचा कॅमेरा सेकंदाला सुमारे ३० ते ४० चित्रे (फ्रेम) घेई, तर ल्यूमिएरांचा सुमारे १६. ३५ मिमी. फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात, म्हणजे ५० फुटांत ८००. तीच फीत ४० च्या गतीने २० सेकंद, २४ च्या गतीने ३३ सेकंद आणि १६ च्या गतीने ५० सेकंद चालते. पुढे रूढ झालेल्या २४ चित्रांच्या गतीने दाखवली की एडिसनची नर्तकी सुस्तावते आणि ल्यूमिएरांची दीडपट घाईने नाचते. दोघींच्या लयीची तुलना करणारे कित्येक जुने अभिप्राय केवळ यामुळे फोल ठरतात. मूळ गती शोधण्याचा एक भरवशाचा मार्ग म्हणजे उडी. ३० सेंमी. उंच उडी मारणारे शरीर गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा सेकंदच हवेत राहते. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत २० चित्रे मोजली तर गती ४० च्या आसपास, ८ मोजली तर १६ च्या. रेशमाच्या घेरावरून हा हिशेब करता येत नाही, कारण हवा त्याला तोलून धरते.

पुढील वाटचाल : १९३० नंतरच्या बोलपटांत दोन टोके दिसतात. हॉलिवूडचा नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली याने कॅमेरा छतावर नेऊन नर्तकींच्या आकृत्या फुलवल्या; नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअर याने डोक्यापासून पावलापर्यंतचे अखंड शरीर चौकटीत ठेवण्याचा आणि शॉट कमीत कमी तोडण्याचा आग्रह धरला. नोंद करणाऱ्याने गुरू मानावा तो अस्टेअरलाच. प्रयोगशील चित्रपटकार माया डेरेन हिने १९४५ मध्ये टॅली बीटी या नर्तकासह केलेल्या लघुपटात नर्तक रानात उचललेला पाय खोलीत टेकवतो आणि एकच उडी अनेक तुकडे जोडून लांबवली जाते. रंगमंचावर अशक्य असलेले नृत्य पडद्यावर शक्य झाले ते इथे. भारतात उदय शंकर यांचा कल्पना (१९४८) हा नृत्यालाच कथेचा कणा करणारा चित्रपट आहे. त्याची जीर्णोद्धारित प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. सत्यजित राय यांचा भरतनाट्यम् नर्तकी बालसरस्वतींवरील माहितीपट १९७६ चा, म्हणजे बालसरस्वतींची पन्नाशी उलटल्यानंतरचा. त्यांच्या ऐन उमेदीतल्या नृत्याच्या तोडीची नोंद मागे उरली नाही, ही हानी भरून न येणारी आहे. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम व चित्रपटकार चार्ल्स अ‍ॅटलस यांनी १९७० च्या दशकात व्हिडिओसाठीच रचना बांधल्या.

अवकाश व कॅमेऱ्याची जागा : रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला रुंद असतो. कॅमेऱ्याचा अवकाश नेमका उलटा, म्हणजे भिंगापाशी टोकदार आणि दूर जाईल तसा रुंद होणारा त्रिकोण. त्यामुळे मंचाच्या मागच्या कडेला सुटसुटीत दिसणारी रांग पुढे सरकताच दोन्ही बाजूंनी चौकटीबाहेर पडते. चौकटीची रुंदी मंचाच्या पुढच्या कडेवर मोजावी. कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा संवेदक (सेन्सर) ३६ मिमी. रुंद असेल तर दिसणारी रुंदी = अंतर × ३६ ÷ भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ). २० मी. वरून ७० मिमी. भिंगाने १०.३ मी. मावतात, १२ मी. वरून तेवढ्याच रुंदीसाठी सुमारे ४२ मिमी. लागते. जवळ जाऊन वाइड भिंग लावले की कडेचे नर्तक ताणलेले दिसतात आणि पुढचा-मागचा यांच्या उंचीतला फरक वाढतो.

भिंगाची उंची उभ्या नर्तकाच्या कंबर ते छातीच्या पातळीत असावी. खाली ठेवल्यास मंचाची कड पावले खाते. फार वर नेल्यास पाय आखूड दिसतात आणि उडीची उंची हरवते. डोक्यावर मोकळी जागा ठेवताना उभी आकृती धरून चालत नाही. हात वर करून घेतलेली उडी धरावी लागते. ट्रायपॉड लाकडी फळ्यांच्या फरशीवर असेल तर मागून जाणाऱ्याच्या प्रत्येक पावलाने चित्र थरथरते.

किमान दोन कॅमेरे हवेत. पहिला मध्यावर, पूर्ण मंच धरून, प्रयोग सुरू होण्याआधीपासून दिवे लागेपर्यंत न हलणारा व न थांबणारा. दुसरा नर्तकाबरोबर जाणारा. तो चालवणाऱ्याने एक तरी तालीम पाहून कोण कोणत्या विंगेतून येते याचा तक्ता केलेला असावा, नाहीतर कॅमेरा नेहमी अर्धा ठोका मागे राहतो. तत्कार (कथकातले पायांचे बोल) किंवा टॅप (बुटांच्या ठोक्यांचे नृत्य) चालू असताना चेहऱ्याचा क्लोज-अप घेणे ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत खेदाची चूक होय. डोळ्यांच्या अभिनयात मात्र वाइड शॉटवर अडून राहणे तितकेच चुकीचे. तिसरा कॅमेरा बाजूला ठेवल्यास एकल नृत्यात खोली येते, पण समूहाच्या रांगा एकमेकींवर चढून रचनाच दिसेनाशी होते.

शटर, प्रकाश व फोकस : सेकंदाला २५ फ्रेमसाठी १/५० सेकंदाचे शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा काळ) रूढ आहे, पण ते नृत्याला अनेकदा अपुरे पडते. ८० सेंमी. लांब पसरलेला हात सेकंदाला दोन चक्कर घेत असेल तर बोटे ताशी ३६ किमी. वेगाने फिरतात, १/५० मध्ये ती २० सेंमी. सरकतात आणि हस्तमुद्रेचा पुसट पट्टा उरतो. १/१०० मध्ये हे अंतर १० सेंमी. होते. त्यापलीकडे गेल्यास चित्र तुटक वाटू लागते. ५० फ्रेमने चित्रण करून १/१०० ठेवणे हा समाधानकारक मध्य आहे. जिथे वीज ५० हर्ट्‌झची तिथे १/५० व १/१००, जिथे ६० ची तिथे १/६० व १/१२० ही शटरे दिव्यांच्या लुकलुकीपासून वाचवतात. मंद केलेले एलईडी दिवे तरीही आडवे पट्टे देतात. म्हणून चाचणी पूर्ण प्रकाशात न घेता सर्वांत मंद क्यूवर (प्रयोगातल्या ठरलेल्या प्रकाशस्थितीत) घ्यावी.

एक्सपोजर (चित्राची उजळता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) व फोकस तिन्ही हातांनी बसवून कुलूपबंद करावेत. काळ्या पडद्यापुढे स्वयंचलित एक्सपोजर अंधाराची सरासरी काढतो आणि चेहरा पांढरा पडतो. ब्लॅकआउटमध्ये तोच पडद्यावर दाणे आणतो. मोजमाप फॉलो स्पॉटमधल्या (नर्तकाबरोबर फिरणाऱ्या झोतातल्या) चेहऱ्यावर करावे, कारण काळोखातला तपशील थोडा तरी वर काढता येतो, जळालेला चेहरा परत मिळत नाही. फोकस मंचाच्या मध्यावर ठेवला की पुरते. ७० मिमी. भिंग, एफ/४ इतके भिंगाचे छिद्र व २० मी. अंतर असता सुमारे १३ ते ३९ मी. मधले सगळे स्पष्ट असते. इतके असूनही ऑटोफोकस चालू ठेवला तर तो प्रत्येक अंधारात चाचपडत फिरतो.

ध्वनी : ध्वनिमिश्रकातून (मिक्सर) तारेने थेट घेतलेली लाइन संगीत स्वच्छ देते, पण तीत पावले नसतात. घुंगरू, टॅपचे बूट, फरशीवरचा आघात व श्वास यांसाठी मंचाच्या कडेला सपाट बसणारे मायक्रोफोन लावून त्यांचा वेगळा ट्रॅक घ्यावा. कॅमेऱ्यावरच्या मायक्रोफोनपर्यंत २० मी. वरून आवाज यायला सुमारे ५८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे २५ च्या गतीने जवळजवळ दीड फ्रेम. नाटकात हे खपते. नृत्यात पाऊल आधी पडते आणि ठोका मागून येतो. जाणकाराला कलाकारच लयीत कच्चा वाटतो, यात कलाकारावर अन्याय होतो. वेगळ्या रेकॉर्डरचे घड्याळ कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. तासाभरात एक-दोन फ्रेम फरक पडू शकतो. म्हणून चित्र व ध्वनी जुळवण्यासाठीची टाळी आरंभी व शेवटी दोन्हीकडे द्यावी. स्लो मोशनमध्ये तालावर नृत्य हवे असेल तर ५० ने टिपून २५ ने दाखवताना सेटवरचे संगीत दुप्पट वेगाने वाजवावे लागते.

नर्तकाच्या शरीराचा विचार हाही तंत्राचाच भाग आहे. काँक्रीटवर पातळ गालिचा टाकून उड्या मारायला लावू नये. पूर्ण ताकदीचे तीन-चार टेक ठरवून बाकीचे खुणेपुरते करून घ्यावेत, आणि दिवे बदलताना लांब थांबा झाला तर अंग पुन्हा गरम करायला वेळ द्यावा.

संकलन : तोड (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणे) हालचालीच्या आत करावी, हालचाल संपल्यावर केली की नृत्याचे तुकडे पडतात. उडीच्या शिखरावर तोडल्यास डोळ्याला शरीराचा मार्ग नव्याने शोधावा लागतो. प्रत्येक मात्रेवर तोडण्याची हौस आवरावी. लय नर्तकाची असते, कात्रीने तिच्यावर दुसरी लय लादली की सम कुठे पडली तेच कळत नाही. कॅमेरा मंचाच्या मागच्या बाजूला नेल्यास सरकण्याची दिशा पडद्यावर उलटते, चक्कर मात्र कुठूनही त्याच दिशेने फिरताना दिसते; चक्करावर तोडून बाजू बदलणे त्यामुळे साधते. आरशासमोरच्या तालमीच्या फितीत डावे-उजवे तपासून घ्यावे.

जतन व हक्क : १०० मेगाबिट बिटरेटने तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. पूर्ण मंचाची न कापलेली फीत ध्वनीच्या सुट्या ट्रॅकसह राखावी. पुढे रचना पुन्हा बसवताना तिचाच उपयोग होतो. लोई फुलरने १८९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपल्या नृत्याच्या नकलेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा कथा नसलेले नृत्य नाट्यकृती ठरत नाही म्हणून ती नाकारण्यात आली. अमेरिकेच्या १९७६ च्या प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायद्याने नृत्यरचनेला स्वतंत्र उल्लेख दिला. भारतीय प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ मध्ये नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते, मात्र ती लेखी वा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते, चलत्‌चित्रपट हा तिथे वेगळा प्रकार आहे. रचनाकार, नर्तक, संगीतकार व चित्रणकर्ता यांचे हक्क त्यामुळे सुटे असतात व प्रत्येकाची लेखी संमती चित्रीकरणापूर्वी घ्यावी लागते.