कामगार कायदा की एम्प्लॉयमेंट लॉ? सनद घेताना हा फरक माहीत हवा

लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं हमखास विचारतात, 'एम्प्लॉयमेंट लॉमध्ये करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू?' पुढे बोलता बोलता लेबर कोर्ट, युनियन, एचआर पॉलिसी, पॉश (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) असं सगळं एका दमात येतं. बाहेरून हे एकच क्षेत्र दिसतं. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या प्रॅक्टिस आहेत. दोन्हींत रोज करायचं काम वेगळं, बसायची जागा वेगळी आणि अशिलाला मिळवून द्यायची गोष्टही वेगळी.

फाटा फुटतो तो एका प्रश्नावर: नोकरीवरून काढलेला माणूस कायद्याच्या लेखी कामगार आहे की नाही?

ही व्याख्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. 21 नोव्हेंबर 2025 ला चार श्रमसंहिता लागू झाल्यापासून ती औद्योगिक संबंध संहितेत आहे. अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार. मुख्यत्वे व्यवस्थापनाचं काम करणारा कामगार नाही, मग पगार कितीही असो. सुपरवायझरच्या बाबतीत मात्र पगार बघतात: तो मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सुपरवायझर कामगार नाही. ही मर्यादा पूर्वी महिना 10,000 रुपये होती, आता 18,000 आहे. ही अट फक्त सुपरवायझरला लागू आहे, आणि नवे वकील नेमके इथेच चुकतात. हिंजवडीत लाखभर पगार घेणारा, हाताखाली कुणीही नसलेला इंजिनीअर तांत्रिक काम करतो म्हणून कामगार ठरू शकतो, आणि 20,000 घेणारा खराखुरा सुपरवायझर मात्र कामगार ठरत नाही. शिक्षकांचं आणखी वेगळं. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये सांगितलं की शाळा 'उद्योग' असली तरी शिक्षक कामगार नाहीत.

कामगार ठरलात तर नोकरी परत मागता येते. बडतर्फी बेकायदेशीर ठरली तर न्यायाधिकरण माणसाला पुन्हा कामावर घ्यायला लावू शकतं, सेवेत खंड न धरता, मागच्या पगारासह. महाराष्ट्रातल्या कामगार वकिलांच्या पिढ्या तर 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यावर घडल्या. 'यूएलपी टाकली' (म्हणजे अनुचित प्रथेची, अनफेअर लेबर प्रॅक्टिसची तक्रार दाखल केली) हे वाक्य लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकू येत आलं आहे.

या प्रॅक्टिसचा जीव पुराव्यात आहे. समजा कंपनी म्हणते, 'हा सुपरवायझर, म्हणून कामगार नाही.' नेमणूकपत्रावर हुद्दा 'असिस्टंट मॅनेजर'. हुद्द्याने काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतात. कंपनीच्या साक्षीदाराला उलटतपासात विचारायचं: याच्या हाताखालची माणसं कोण, नावं सांगा. त्यांच्या रजेच्या अर्जावर सही कुणाची? मेमो द्यायचा अधिकार याला होता का? दिलेला एक तरी मेमो दाखवा. हा स्वतः शिफ्टमध्ये मशीनवर उभा राहायचा ना? रजेचे अर्ज समोर आले आणि सही वरच्या माणसाची निघाली, तर 'असिस्टंट मॅनेजर'चा डोलारा तिथेच कोसळतो. हा उलटतपास करायला कायद्याच्या पुस्तकाइतकंच मस्टर, पगारपत्रक आणि शॉपफ्लोअर वाचता आलं पाहिजे. खातेअंतर्गत चौकशीचंही तसंच: आरोपपत्र मोघम होतं का, कामगाराला साक्षीदार तपासू दिले का, चौकशी अधिकारी तटस्थ होता का. कितीतरी केसेस तेवढ्यावरच फिरतात.

समोर कोण उभं राहील याचीही तयारी ठेवा. औद्योगिक विवादात वकिलाला उभं राहायला समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते, कामगाराची बाजू मात्र युनियनचा पदाधिकारी मांडू शकतो. सनद नसलेला, पण कारखान्याची खडान्‌खडा माहिती असलेला कार्यकर्ता चांगल्या वकिलाला घाम फोडतो. त्याच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

दुसरी वाट मॅनेजर, व्हाइस प्रेसिडेंट अशा, कामगाराच्या व्याख्येबाहेरच्या माणसांची आणि त्यांना नेमणाऱ्या कंपन्यांची. लॉ फर्ममध्ये 'एम्प्लॉयमेंट टीम' म्हणतात ती बहुतेक वेळ हेच करते. इथे राज्य कराराचं. खासगी कंपनीतल्या मॅनेजरला कोर्ट सहसा नोकरी परत देत नाही. नोकरीसारखा करार कोर्टाने जबरदस्तीने पाळायला लावू नये असं सांगणारा विशिष्ट साहाय्य कायदा आड येतो, आणि भरपाईही बऱ्याचदा नोटिशीच्या काळातल्या पगारापुरतीच उरते. म्हणून इथलं खरं काम भांडण होण्याआधी होतं. नेमणूकपत्र, नोटीस, बोनस, गोपनीयता यांची कलमं लिहिताना जे सुटलं ते पुढे कोर्टात भरून निघत नाही. 'नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही' हे कलम करार कायद्याच्या 27 व्या कलमामुळे टिकत नाही, तरी ते सर्रास लिहिलं जातं आणि लोक घाबरतात. नोकरीच्या मुदतीचा बाँड मात्र टिकू शकतो. एका बँकेचा 'तीन वर्षं नोकरी करा किंवा दोन लाख रुपये भरा' हा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवला.

ग्रॅच्युइटी आणि 2013 चा पॉश कायदा दोन्हीकडे सारखेच लागतात. त्यामुळे ते शिकून कुठेही वाया जात नाहीत.

पैशाचं बोलायचं तर फर्ममध्ये पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो, लेबर कोर्टातल्या सीनिअरकडे सुरुवातीला ओढाताण होते. घरची जबाबदारी असलेल्या मुलीने किंवा मुलाने फर्म निवडली तर त्यांना नावं ठेवू नयेत. पण ज्यांना जमेल त्यांनी आधी लेबर कोर्टात बसावं असं माझं ठाम मत आहे. बडतर्फीचं पत्र उलटतपासात कसं फाटतं हे डोळ्यांनी पाहिलेला वकील पुढे कंपनीसाठी पत्र लिहील तर नीट लिहील, आणि कामगाराच्या बाजूने उभा राहिला तर त्यातली भोकं त्याला लगेच दिसतील. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था आहे, पुणे विद्यापीठाचा कामगार कायद्यांचा डिप्लोमा आहे. दोन्ही उपयोगी, पण सीनिअरच्या मागे फाइल घेऊन उभं राहण्याला पर्याय नाहीत.

सीनिअर निवडताना एवढंच बघा: ते साक्षीपुरावे स्वतः चालवतात का, आणि ज्युनिअरला उलटतपासाचे प्रश्न काढायला लावतात का. नुसत्या तारखा घ्यायला पाठवत असतील तर दुसरं ऑफिस शोधा.