होडीचा पंखो, विमानाचा पंखा आणि त्रिकोणी पिस्टनचं इंजिन

मालवण बंदरावर एक मेस्त्री आहेत, ट्रकची जुनी डिझेल इंजिनं ट्रॉलरमधे बसवण्यात त्यांची हयात गेली. मी त्यांना मोबाईलवर एका घरी बांधलेल्या विमानाचा फोटो दाखवला, कव्हर काढलेलं, आत माझदा कारचं रोटरी इंजिन. मला वाटलं होतं ते इंजिनाबद्दल विचारतील, पण त्यांनी झूम करून पुढचा ठोकळा बघितला आणि म्हणाले, "हो गिअरबॉक्स मां रे झिला?"

बरोब्बर तिथेच बोट ठेवलं. होडीत काय होतं की इंजिनाच्या वेगाने पंखा फिरवला तर "पाणी कापूचा नाय, नुसतो फेस येतलो", म्हणून मधे रिडक्शन, म्हणजे वेग कमी करणारा गिअर, लागतो. विमानाचं दुखणं वेगळं, उपाय तोच. साधारण १.८३ मीटर व्यासाचा प्रॉपेलर मिनिटाला २६०० फेऱ्यांनी फिरला तर त्याचं टोक सेकंदाला २५० मीटर कापतं. तोच पंखा थेट इंजिनाला जोडून ६००० ने फिरवला तर टोक जातं ५७५ वर, आणि आवाजाचा वेग आहे ३४५ च्या आसपास! म्हणजे कानठळ्या बसणार, ताकद फुकट जाणार आणि पातं तुटायची भीती वेगळीच. म्हणून लोक २.१७ किंवा २.८५ ला एक असा प्लॅनेटरी (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारा) गिअरबॉक्स लावतात, २.८५ चा असेल तर इंजिन ७४०० ला पळालं तरी पंखा २६०० लाच राहतो.

आता हे रोटरी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर घोळ होईल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांनाही रोटरी इंजिनं होती पण त्यात सगळे सिलिंडरच प्रॉपेलरबरोबर गरगर फिरायचे आणि वंगणाला चक्क एरंडेल वापरायचे (मागे बसलेल्या पायलटच्या पोटाचं काय व्हायचं ते कोकणात कुणाला समजवायला नको). आपलं रोटरी ते नव्हे, हे फेलिक्स वँकेलचं, पहिलं नमुना इंजिन १९५७ साली जर्मनीत चाललं. आठच्या आकड्यासारख्या पोकळीत एक फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो, त्यालाच रोटर म्हणायचं. वर-खाली आपटणारा पिस्टन नाही, व्हॉल्व नाही. दोन रोटरच्या माझदा १३बी मधे मुख्य हलणारे भाग मोजून तीन, दोन रोटर आणि एक शाफ्ट. कपॅसिटी फक्त १३०८ सीसी, पण शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एक धक्का देतो, त्यामुळे आकाराच्या मानाने ताकद भरपूर आणि थरथर कमी.

विमानवाले याच्या प्रेमात पडतात ते अजून एका कारणाने. रोटर लोखंडाचा आणि भोवतीचं घर ॲल्युमिनियमचं, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं. म्हणजे इंजिन अति तापलं तर रोटर घट्ट धरून बसण्याऐवजी मोकळा होतो. पाण्याचे सील जातील, ताकद कमी होईल, पण पंखा एकदम जाम होण्याची शक्यता कमी, आणि वर हवेत असताना एवढंही खूप असतं. आपल्याकडेही हे इंजिन उडालंय बरं का, निशांत या पायलट नसलेल्या विमानासाठी ५५ हॉर्सपॉवरचं वँकेल इंजिन बनवण्यात बंगळुरूच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेबरोबर नगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था होती, २००९ मधे कोलारला ते उडालं.

बसवताना लोक जिथे फसतात ते म्हणजे माउंट. कारमधे इंजिन नुसतं बसलेलं असतं, विमानात ते लटकलेलं असतं, आगभिंतीला (इंजिन आणि पायलटच्या मधली भिंत) मागे चार बोल्ट आणि त्यातून पुढे निघालेली क्रोमोली या चिवट मिश्र स्टीलच्या नळ्यांची त्रिकोणांची जाळी. समजा सगळं मिळून दीडशे किलो वजन आहे. साध्या विमानाला ३.८ जी चा, म्हणजे वजनाच्या ३.८ पट जोराचा हिशोब धरतात, ते झालं ५७० किलो, त्यावर दीडपट सुरक्षा म्हणजे साडेआठशेच्या वर, आणि हे नुसतं वजन. पंख्याचा पुढे ओढणारा जोर वेगळा (होडीत हा जोर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवरून सांगाड्यावर जातो, इथेही तसंच) आणि पीळ (टॉर्क) वेगळा. पिळाची गंमत अशी की १८० हॉर्सपॉवरला इंजिनाच्या शाफ्टवर जेमतेम १७० न्यूटन-मीटर असतात, पण गिअरबॉक्स वेग कमी करतो तेवढाच पीळ वाढवतो, म्हणून माउंटला सोसावे लागतात पंख्याकडचे ४९०. कारची रबरं आणि कारचा हिशोब घेऊन गेलात तर मेलात.

मग उष्णता. यातली जवळजवळ एक तृतीयांश तेलातून काढावी लागते कारण रोटरला आतून थंड करतं ते तेलच, म्हणून ऑइल कूलर छोटा घेणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. कूलर नुसता वाऱ्यात टांगून पण भागत नाही. खाडीचं तोंड आठवा, मुखाशी भरतीचं पाणी कसं जोरात ओढतं आणि आत पात्र पसरलं की संथ होतं. हवेच्या डक्टचं तसंच करायचं, तोंड लहान, आत हळूहळू रुंद, मग हवा संथ होते, दाब वाढतो आणि ती जाळीतून नीट आरपार जाते. सायलेन्सरचं तर विचारूच नका, धूर ९०० अंशांच्या आसपास बाहेर पडतो, साधा लोखंडी पाइप लाल होऊन पापुद्रे सुटतात. आणि आपल्या खाऱ्या हवेत लोखंड-ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असलेल्या इंजिनात चांगलं कूलंट नसेल तर आतून कुरतडायला वेळ लागत नाही, हे मेस्त्रींना मी सांगायची गरज पडली नाही.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बिडी विझवली आणि खरा प्रश्न विचारला, "खाता किती?"

जास्त खाता मेस्त्रीनू. पेट्रोल जिथे जळतं ती जागा लांबट, चपटी आणि सरकती असते, भिंतींचा पृष्ठभाग जास्त म्हणून उष्णता भिंतींत जाते आणि कोपऱ्यांत थोडं न जळताच राहतं, त्यासाठीच तर एका रोटरला दोन दोन प्लग देतात. शिवाय टोकाच्या सीलना वंगण म्हणून थोडं तेल मुद्दाम जाळावं लागतं, बरेच जण टाकीतच टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात.

"म्हणजे आमच्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनासारख्याच," ते म्हणाले, आणि परत पान्याला लागले.