बर्नआउट: दोष माणसात शोधायचा की रोस्टरमधे?

डिसेंबरात गोव्याच्या कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या कितीतरी हॉटेलांत ब्रेक शिफ्ट चालते, म्हणजे सकाळी ब्रेकफास्टला उभं रहायचं, दुपारी सोडतात पण घर पेडण्याला असेल तर जाणार कुठे, तिथेच स्टाफ रूममधे जरा आडवं व्हायचं नि संध्याकाळी परत डिनरला हजर, घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. मार्चपर्यंत पोरगं वैतागलं की मोठी माणसं म्हणतात, आजकालची पिढी नाजूक. मला हे अजिबात पटत नाही आणि बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने मन थकून जाण्याचा, इतिहास बघितला तर तुम्हालाही पटणार नाही.

कामाच्या तासांचं भांडण आपल्याकडे जुनंच आहे. 1884 मधे नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली, रविवार मिळायला 1890 उजाडलं. पण तेव्हा बोलणं शरीराच्या थकव्याचं होतं.

मनाचा थकवा कागदावर आला 1974 ला. न्यूयॉर्कमधे हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री उशिरापर्यंत एका मोफत दवाखान्यात काम करायचे, तिथे व्यसनात अडकलेली पोरं यायची. त्यांनी बघितलं की उत्साहाने आलेले कार्यकर्ते काही महिन्यांत बदलतात, सर्दी जात नाही, डोकं दुखतं, झोप उडते, क्षुल्लक कारणावरून चिडतात, यालाच त्यांनी बर्नआउट म्हटलं. आणि सगळ्यात जास्त कोण कोसळतं? जो जीव ओतून काम करतो तो. कामचुकार माणसाला हे होतच नाही हो!

पुढे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सनबरोबर 1981 मधे हे मोजायची प्रश्नावली काढली. त्यात तीन गोष्टी बघतात, आतून रिकामं वाटणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होणं (पेशंट नुसता बेड नंबर वाटतो, गेस्ट म्हणजे कटकट) आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत रहाणं. ही दुसरी खूण घरच्यांच्या आधी सहकाऱ्यांना दिसते, म्हणून सुपरवायझरने तरी ओळखायला हवी, पण तो मेमो देतो! मास्लाक यांनी नंतर मायकल लायटरबरोबर कारणं मांडली ती बघा, कामाचा बोजा, कामाचे निर्णय आपल्या हातात नसणं, मोबदला, टीम, न्याय आणि मूल्यं. सहाही कामाच्या जागेची.

2019 ला जागतिक आरोग्य संघटनेनेही आयसीडी-11 मधे, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीत, बर्नआउट घेताना त्याला आजार म्हटलं नाही, नोकरीशी जोडलेली स्थिती म्हटलं, नीट न हाताळलेल्या सततच्या ताणातून आलेली. म्हणजे नुसतं योगा सेशन ठेवून भागत नाही, ब्रेक शिफ्ट कमी करा, आठवड्याची सुट्टी सीझनमधेही द्या, रोस्टर म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक आधी लावा.

आणि सुट्टी घेऊनही झोप येत नसेल, जगणंच नको वाटत असेल तर ते बर्नआउटच्या पुढचं असू शकतं, तेव्हा थांबू नका, बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं.