न केलेला मुजरा: बाळराजांच्या कथांची पार्श्वभूमी

लहानग्या शिवाजीने विजापूरच्या दरबारात आदिलशहाला मुजरा केला नाही, तो प्रसंग इथे पुन्हा सांगत बसत नाही. फोंडा, डिचोली, सत्तरीतल्या देवळांसमोर उत्सवाच्या रात्री होणारी ऐतिहासिक नाटके ज्याने पाहिली आहेत, त्याला तो तोंडपाठ असतो. बादशहा सिंहासनावर, शहाजीराजे झुकलेले आणि शेजारी एक मुलगा ताठ. या जागी मंडपात टाळी पडतेच, मग बाळराजाचे काम करणाऱ्या पोराचा आवाज फुटला असला तरी चालते.

टाळी पडते ती मुलाने काय केले यावर नव्हे, तर का केले याच्या आपण लावलेल्या अर्थावर. कृती एवढीच: एका लहान मुलाने मुजरा केला नाही. कारणाबाबत कथाच दोन उत्तरे देते. दरबारी लोक खवळतात तेव्हा शहाजीराजे सांगतात की मूल लहान आहे, दरबाराची रीत त्याला ठाऊक नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की बापाने वेळ मारून नेली, खरे कारण मुलाच्या मनात होते. हे ‘खरे कारण’ १६७४ च्या राज्याभिषेकाच्या उजेडात दिसते. तो उजेड काढून घेतला, तर परक्या दालनात बावरलेले किंवा नुसतेच हट्टी मूल उरते. आपल्या घरातली मुलेही पाहुण्यांना नमस्कार करायला सांगितले की खांब धरून उभी राहतात.

कथा कुठून आली ते पाहिले की गुंता वाढतो. कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांची बखर लिहिली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. महाराजांना पाहिलेला माणूस लिहीत होता. बालपणाला त्याने फारच थोडी जागा दिली आहे: पुणे जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेव बेंगरूळास (बंगळूरला) शहाजीराजांच्या भेटीला गेले, बरोबर शिवाजीराजे आणि जिजाबाई होत्या, राजे तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढे पुणे आणि मावळ. वाटेत विजापूर नाही, मुजरा नाही. सभासद बालपणावरून इतक्या घाईने जातो की त्याच्या मौनावर फार भार टाकणे बरोबर नाही, हेही खरे.

शिवभारताचे मौन मला अधिक बोलके वाटते. ते महाराजांच्या हयातीत, त्यांच्याच आश्रयाला असलेल्या कवीने रचलेले संस्कृत काव्य. त्यात बालक्रीडा ऐसपैस आहेत. कृष्णाच्या बाललीला डोळ्यांसमोर ठेवून कवीने पशुपक्ष्यांच्या आवाजांच्या नकलासुद्धा वर्णिल्या आहेत. सातव्या वर्षी अक्षरओळख, बाराव्या वर्षी बंगळूरहून पुण्याला रवानगी, हेही आहे. ज्या कवीला मुलाच्या नकलांसाठी श्लोक सापडले, त्याने आदिलशहासमोर ताठ राहिलेली मान सोडून दिली असती? मला तरी पटत नाही.

मुजऱ्याची कथा ठसठशीत रूपात येते ती मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, साताऱ्यात. म्हणजे मूळ प्रसंगानंतर किमान दीडशे वर्षांनी. बखरकार महाराजांच्या चिटणिसाच्याच घराण्यातला होता, तेव्हा घरात चालत आलेली आठवण त्याच्या कानावर असू शकते, आणि कथेच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पण त्या वेळचे सातारा कसे होते तेही लक्षात घ्यायला हवे. छत्रपती गादीवर, कारभार पेशव्यांच्या हाती, मुजरे मात्र यथासांग चाललेले. मान कुणाची आणि सत्ता कुणाची हा तिथे रोजचा प्रश्न होता. अशा ठिकाणी बसून लिहिणाऱ्याला बालपणातला नेमका हा प्रसंग रंगवावासा वाटला, यात नवल नाही. विजापुरात गाय नेणाऱ्या कसायाचा हात बाळराजांनी तोडल्याची कथाही याच थरातली. ती पहिलीइतकी संदिग्ध नाही, म्हणून तिच्याबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही.

आता जन्मवर्षाकडे वळतो. वाद जुना आहे आणि पुष्कळांच्या लेखी मिटलेला, पण या कथांच्या वाचनावर त्याने जो परिणाम केला तो क्वचितच कुणी सांगतो.

चिटणीसांच्या परंपरेत जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा. एकोणिसावे शतक याच तारखेवर चालले आणि १९२७ मध्ये त्रिशताब्दीही तिच्याच हिशेबाने झाली. दरम्यान १९१६ मध्ये भोरकडच्या एका देशमुख घराण्यातली शकावली (सालवार नोंदींची यादी) पुण्यातल्या एका पुढाऱ्याने छापून काढली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. पुढे शिवभारत छापून आले, त्यातही तीच तिथी. जोधपूरच्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातली कुंडलीही तिच्याशी जुळली. एकमेकांशी संबंध नसलेली तीन साधने एकाच दिवसावर येतात, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी काय हवे असते? तरी महाराष्ट्रात निर्णय व्हायला २००१ साल उजाडले. त्याआधी नेमलेल्या समितीत एकमत झाले नव्हते. शेवटी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारी झाली, आणि त्यावरही तिथीवाल्यांचे समाधान झाले नाही ते नाहीच. गोव्यातही १९ फेब्रुवारीची मिरवणूक वेगळी आणि फाल्गुन वद्य तृतीयेची वेगळी, असे अनेक गावांत दिसते.

इथे गोवेकराने एक गोष्ट जोडायला हरकत नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्यूलियन कॅलेंडरची तारीख आहे. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवे कॅलेंडर घेतले होते, इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत लांबवले. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक पडे. शिवनेरीवर पाळणा हलला तो दिवस मांडवीकाठच्या फिरंगी कारकुनाने लिहिला असता, तर १ मार्च १६३० असा लिहिला असता. सुरतेच्या इंग्रज वखारीचे पत्र आणि गोव्याच्या विजरईचे (पोर्तुगीज व्हाइसरॉयचे) पत्र शेजारी ठेवून प्रसंगांचा क्रम लावणाऱ्याला हे दहा दिवस कायम सांभाळावे लागतात. जयंतीच्या भांडणात मात्र ते कुणालाच नको असतात.

पण मुद्दा तीन वर्षांचा. शहाजीराजे आदिलशाही चाकरीत गेले ते १६३६ च्या माहुलीच्या तहानंतर. चिटणीसांची कथा १६२७ धरून चालते. त्या हिशेबाने विजापूरच्या मुक्कामात मुलगा दहाच्या पुढचा, कळता. बादशहा कोण, आपण कोण, हे उमजणारा. त्याचे न वाकणे ठरवून केलेले म्हणता येते. १६३० धरताच तोच मुलगा त्याच मुक्कामात सात-आठ वर्षांचा होतो. मग शहाजीराजांनी दिलेली सबब, मूल लहान आहे, ही सबब राहतच नाही, ते साधे सत्य ठरते. प्रसंग बाराव्या वर्षाच्या आसपास ढकलून ठरवून केल्याचा अर्थ वाचवता येतो. पण बारावे वर्ष सभासदाने आणि शिवभारताने बंगळूर-पुण्याच्या वाटेसाठी आधीच राखून ठेवले आहे. त्या वाटेवर विजापूरचा मुक्काम घालायचा, तर तो चिटणीसांच्याच शब्दावर घालावा लागतो. जन्मतारीख नव्या साधनांतून घ्यायची, प्रसंग जुन्या बखरीतून घ्यायचा आणि दोन्ही एकाच पानावर छापायचे, हे शालेय पुस्तकांनी, चरित्रांनी, नाटकांनी बिनदिक्कत केले. तारीख बदलणाऱ्यांनी वय बदलले, कथेला कुणी हात लावला नाही.

पुण्याजवळच्या रांझे गावच्या पाटलाला राजांनी केलेल्या शिक्षेचे प्रकरण याहून बऱ्या स्थितीत आहे, कारण तिथे कागद आहे. पत्र जानेवारी १६४६ चे मानले जाते. १६३० धरले तर राजांना सोळावे वर्ष चालू होते, ते पुरे व्हायला महिनाही उरला नव्हता. १६२७ धरले तर अठरा वर्षे पूर्ण झालेली. पाटलाचे हात-पाय तोडले, हे पत्र सांगते. गुन्ह्याबद्दल मात्र त्यात ‘बदअमल’ एवढाच शब्द आहे. गैरवर्तन, वाईट कारभार, अंमलाचा दुरुपयोग, सगळे त्यात बसते. आज प्रत्येकाला ठाऊक असलेली, स्त्रीवरच्या अत्याचाराची हकीकत त्या शब्दाभोवती नंतर भरत गेली. शिक्षा इतकी कठोर आहे की गुन्हाही तितकाच घोर असणार, असा तर्क त्यामागे आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. फक्त तो तर्क आहे, कागद नाही. मला या पत्रात वेगळेच काही महत्त्वाचे वाटते: वतन एकाकडून काढून त्याच भाऊबंदातल्या दुसऱ्याकडे देण्याची नीट व्यवस्था. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या नावाने असा कारभार चालतो तेव्हा त्यातला किती भाग त्या मुलाचा आणि किती भोवतालच्या जाणत्यांचा, हे विचारावेच लागते. पुण्यात त्या जाणत्यांपैकी एकाचा, दादोजी कोंडदेवांचा, पुतळा २०१० च्या डिसेंबरात लाल महालातून हलवला गेला, त्यामागे हाच प्रश्न होता. सभासदात त्यांचे नाव येते ते जहागिरीच्या कारभाऱ्याचे. ‘गुरू’ की ‘नोकर’ हे भांडण आपल्या काळाचे आहे.

इंग्रजी अमलात आलेल्या पहिल्या मोठ्या मराठा इतिहासात, १८२६ मध्ये, महाराजांना आपले नावही लिहिता येत नव्हते असे ठोकून दिले होते. लिहिणारा साताऱ्यात राहिलेला लष्करी अधिकारी. शिवभारत तेव्हा त्याच्यासमोर नव्हते. शतकभर हे विधान उत्तरे-प्रत्युत्तरे झेलत राहिले. बालपणाच्या कथांना पुरावा म्हणून वापरायची सवय याच वादात लागली असावी. मुलगा शिकला होता की नाही हे ठरले की राजा स्वतः विचार करत होता की दुसऱ्यांच्या हातातला होता, हे ठरल्यासारखे लोकांना वाटू लागले.

गोव्याकडे या काळाचे काय आहे? अपेक्षेपेक्षा कमी, पण जे आहे ते चमत्कारिक. मुरगावचा रहिवासी म्हणवणाऱ्या एकाने १६९५ मध्ये पोर्तुगीजमध्ये महाराजांचे चरित्र लिहिले, ते १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले. त्यात तेजस्वी डोळ्यांचे, चपळ बांध्याचे कौतुक आहे, आणि जन्माबद्दल अशा काही बाजारगप्पा आहेत की त्या इथे लिहायचीही गरज नाही. शत्रूच्या मुलखात राहून शत्रूचे पुस्तकभर कौतुक करणाऱ्या या माणसाला कुतूहल दांडगे होते, साधने मात्र बंदरावर ऐकलेली. पणजीच्या दफ्तरखान्यातली पत्रे पाहिली तर तिथे बाळराजे नाहीतच. १६५९ च्या पत्रांत ते दिसतात ते कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधणारा आणि त्यामुळे फिरंग्यांची झोप उडवणारा उमदा सरदार म्हणून. पुढे १६६७ ची बारदेशची स्वारी, १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचे काम, १६७५ मध्ये फोंड्याचा किल्ला. फिरंगी कारकुनाला राजाच्या बालपणाशी कर्तव्य नव्हते, त्याला तोफा मोजायच्या होत्या.

बालपणाची कथा गोव्यात रुजली ती त्या पत्रांतून नव्हे, मराठीच्या वाटेने. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची बंधने सैल झाली आणि देवळांच्या अग्रशाळांत, खाजगी जागांत मराठी शाळा वाढल्या. १९२६ च्या लष्करी उठावानंतर लिस्बनची हवा पुन्हा फिरली. छापण्यावर पहारा आला. नाटकात मात्र बादशहा विजापूरचा असतो आणि मुलगा शिवनेरीचा, त्यात राजद्रोह कुठला? बादशहासमोर न वाकणाऱ्या मुलाला टाळी देताना मंडपातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोण असेल, हे ओळखायला इतिहासकाराची गरज नाही. पुण्या-साताऱ्यात ही कथा बखरीतून पुस्तकात गेली, आमच्याकडे ती रंगमंचावरून मनात गेली. म्हणूनच इथे तिच्या साधनांची चिकित्सा केली की लोकांना ती देवळाच्या उत्सवाची चिकित्सा वाटते. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा मास्तर जे शिकवू लागले ते मुलांनी आधीच पाहिलेले होते.

गेल्या काही वर्षांत नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले आणि गोव्याचा शिवकाल हा एकदम बोलण्याचा विषय बनला. जे बोलले जाते त्यात १६६८ च्या देवळाला कागद आणि शिलालेख आहेत, विजापूरच्या मुजऱ्याला नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच भाषणात, एकाच आवाजात येतात. नाटक मंडळ्यांत बाळराजाच्या भूमिकेसाठी अजूनही दहा-बारा वर्षांचा, जरा उंच मुलगा शोधतात, म्हणजे १६२७ च्या हिशेबाचा. हँडबिलावर जयंतीची तारीख मात्र १९ फेब्रुवारी १६३० असते.