आरमारी युती वेगळी आणि व्यापाराची राखण वेगळी: स्पेस ऑपेरा वाचताना होणारा घोळ

स्पेस ऑपेरा, म्हणजे ताऱ्या-ताऱ्यांमधल्या राज्यांच्या आणि लढायांच्या कादंबऱ्या, वाचणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं, की अमुक राज्याने तमुक राज्याशी आरमारी युती केलीय म्हणजे आता त्यांची मालवाहू जहाजं सेफ. तसं नसतं. युती आणि व्यापाराची राखण ही दोन वेगळी कामं आहेत, फक्त दोन्ही एकच आरमार करतं म्हणून ती एकसारखी वाटतात. शेजारच्या गावाशी भांडण झालं तर मदतीला कोण धावून येणार हा एक प्रश्न, आणि रोज रात्री बाजारपेठेत गस्त कोण घालणार हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही.

हे नीट कळायला डेव्हिड वेबरच्या ऑनर हॅरिंग्टन मालिकेइतकं चांगलं उदाहरण माझ्या मते दुसरं नाही, कारण यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालू असतात आणि एकमेकींच्या तोंडचा घास पळवतात. १९९३ साली सुरू झालेली ही मालिका. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मँटिकोर हे छोटं राज्य, पण त्यांच्या हद्दीत वर्महोलचं जंक्शन आहे, म्हणजे दूरदूरच्या ताऱ्यांकडे जाणारे शॉर्टकट एका ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे टोल मिळतो आणि स्वतःची व्यापारी जहाजंही प्रचंड. एका बाजूला हेवन, म्हणजे अवाढव्य राज्य, तिजोरी रिकामी आणि शेजाऱ्यांना गिळत सुटलेलं. दुसऱ्या बाजूला सायलेशिया, म्हणजे नावापुरतं सरकार, भ्रष्ट गव्हर्नर, चाच्यांचा सुळसुळाट, पण मार्केट मोठं, म्हणून मँटिकोरचे व्यापारी तिथे जातातच.

आता बघा, युती हेवनसाठी आहे आणि राखण सायलेशियासाठी. दिशाच वेगळ्या.

युतीचं काम कसं चालतं ते दुसऱ्या पुस्तकातल्या ग्रेसनवरून कळतं. ग्रेसन हा गरीब, जुन्या वळणाचा, जमिनीत विषारी धातू असलेला ग्रह, तिथून व्यापारात काही मोठं मिळण्यासारखं नाही. तरी मँटिकोर त्यांच्याशी तह करायला धडपडतं, कारण ग्रेसन हेवन आणि मँटिकोरच्या मधे आहे. तिथे तळ मिळाला की शत्रूला आधीच अडवता येतं. बदल्यात ग्रेसनला टेक्नॉलॉजी मिळते, ते आपलं आरमार उभं करतात आणि पुढे हे गरीब राज्यच सगळ्यात भरवशाचं दोस्त ठरतं. म्हणजे युतीत हिशोब असतो तो जागेचा, तळांचा आणि मोठ्या लढाऊ जहाजांचा, की लढाईच्या दिवशी आपल्या रांगेत किती सुपरड्रेडनॉट, म्हणजे सगळ्यात मोठी लढाऊ जहाजं, उभी राहतील. जहाजं एकत्र ठेवायची, विखरायची नाहीत, हा युतीचा पहिला नियम.

व्यापाराच्या राखणीचा पहिला नियम बरोबर उलटा आहे, जहाजं विखरावीच लागतात. चाचा सुपरड्रेडनॉटशी लढायला येत नाही, तो ताऱ्याभोवतीच्या त्या हद्दीपाशी दबा धरून बसतो जिथे मालवाहू जहाजाला हायपरस्पेसमधून, म्हणजे ताऱ्यांमधल्या वेगवान प्रवासाच्या अवकाशातून, बाहेर यावंच लागतं, आणि अशा हद्दी शेकडो. त्याला रोखायला मोठ्या तोफा नकोत, पुष्कळ क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान लढाऊ जहाजं, हवीत, दमदार कॅप्टन हवेत, आणि कागदपत्रं तपासायची चिकाटी हवी. पहिल्याच पुस्तकात नायिका ऑनर हॅरिंग्टन एक छोटं जुनं क्रूझर घेऊन बॅसिलिस्क नावाच्या ताऱ्यापाशी कस्टम्सची तपासणी करत बसते, ते काही जणांना कंटाळवाणं वाटतं, मला तो मालिकेतला सगळ्यात खरा भाग वाटतो, कारण व्यापाराची राखण म्हणजे नव्वद टक्के हेच असतं.

मग घोळ कुठे होतो, तर क्रूझरवर. तीच क्रूझर दोघांना हवी असतात, मुख्य ताफ्याला टेहळणीसाठी आणि व्यापाऱ्यांना सोबतीसाठी. हेवनशी युद्ध पेटल्यावर मँटिकोर सायलेशियातली क्रूझर काढून आघाडीवर नेतं, तिकडे मालवाहू जहाजं लुटली जायला लागतात, मोठे व्यापारी सरकारवर दबाव आणतात, आणि १९९६ च्या ‘ऑनर अमंग एनिमीज’ मधे आरमार काय करतं, तर मालवाहू जहाजांच्याच पोटात शस्त्रं लपवून चार क्यू-शिप पाठवतं, म्हणजे चाचा सावज समजून जवळ आला की तोच अडकला. हुशार उपाय आहे, पण तो नाइलाजाचा आहे हे लेखक लपवत नाही. युती भक्कम होती, दोस्त लढत होते, आणि तरी व्यापार उघडा पडला, हे इथे नीट पाहा.

हे सगळं लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, खऱ्या समुद्रावर असंच घडलंय. पहिल्या महायुद्धातला, १९१४ चा एमडन या जहाजाचा किस्सा आपल्याकडे चेन्नईवाल्यांना चांगला ठाऊक आहे. एक जर्मन हलकं क्रूझर, कॅप्टन कार्ल फॉन म्युलर, २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवून गेला. त्या काही आठवड्यांत या एका जहाजाने हिंदी महासागरात दोन डझनांच्या आसपास व्यापारी जहाजं पकडली किंवा बुडवली, आणि त्याला शोधायला ब्रिटिश, फ्रेंच, रशियन, जपानी जहाजं फिरत होती. म्हणजे युती होती, चार देशांची होती, आणि तरी एक क्रूझर सगळ्यांना नाचवत होतं.

शेवट कसा झाला ते तर पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक घेऊन तीसहून जास्त जहाजांचा कॉन्व्हॉय, म्हणजे राखणीत एकत्र जाणारा ताफा, पश्चिमेकडे निघाला होता आणि सोबत जपानचं इबुकी हे मोठं क्रूझर होतं, १९०२ च्या इंग्लंड-जपान तहामुळे आलेलं. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांच्या वायरलेस स्टेशनवरून अनोळखी जहाज आल्याचा संदेश आला. इबुकीच्या तोफा बारा इंची, एमडनच्या जेमतेम चार इंची, आणि इबुकीचा कॅप्टन जाऊ द्या म्हणून मागे लागला. त्याला परवानगी मिळाली नाही. ऑस्ट्रेलियाचं सिडनी हे क्रूझर गेलं, त्याने एमडनला संपवलं, आणि सगळ्यात ताकदवान जहाज कॉन्व्हॉयशेजारीच थांबलं. तो निर्णय मला योग्य वाटतो, सोबतीच्या जहाजाचं काम सोबत सोडून न जाणं हेच आहे. पण लढाईचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला ते किती अवघड जात असेल! स्पेस ऑपेरामधे असा सीन फार क्वचित दिसतो, तिथे कॅप्टन बहुतेक वेळा पाठलागाला धावतो आणि मागे राहिलेल्या मालवाहू जहाजांचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

तीन वर्षांनी त्याच इंग्लंड-जपान तहाचा वापर थेट राखणीसाठी झाला. १९१७ च्या एप्रिलमधे जर्मन पाणबुड्यांनी एका महिन्यात साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडवली, ब्रिटनचा ग्रँड फ्लीट, म्हणजे मुख्य युद्धताफा, तेव्हा जगात सगळ्यात मोठा होता आणि त्याचा इथे काही उपयोग होत नव्हता. जपानने एक क्रूझर आणि आठ डिस्ट्रॉयर (छोटी, वेगवान लढाऊ जहाजं) माल्टाला पाठवले, त्यांनी भूमध्य समुद्रात जहाजांना सोबत केली, आणि ११ जूनला साकाकी डिस्ट्रॉयरला टॉर्पेडो लागून पन्नासहून जास्त जपानी खलाशी गेले. टोकियोपासून इतक्या लांब, दुसऱ्याच्या मालासाठी. म्हणजे युती राखणीला माणसं आणि जहाजं देऊ शकते, पण ती वेगळी मागावी लागतात, वेगळी ठरवावी लागतात, तहावर सही झाली म्हणून आपोआप येत नाहीत.

उलटंही होतं, युती नसताना राखण. मार्च २०२४ मधे आयएनएस कोलकाताने सोमाली चाच्यांनी पळवलेलं रुएन जहाज सुमारे चाळीस तासांच्या कारवाईत सोडवलं. जहाजावर झेंडा माल्टाचा, मालक बल्गेरियन, १७ खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. यातल्या कुठल्याही देशाशी आपला एकत्र युद्ध लढायचा करार नाही, मार्ग सगळ्यांचा आहे म्हणून केलं. पकडलेले ३५ जण मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, आणि इथे कायद्याचा मोठा फरक दिसतो: युतीच्या लढाईत समोरचा शत्रू सैनिक असतो, पकडला तर युद्धकैदी, राखणीत समोरचा गुन्हेगार असतो, त्याला कोर्ट लागतं. सायलेशियात नेमकं तेच नाही, चाचे गव्हर्नरकडे सोपवले की सुटून परत धंद्याला लागतात, म्हणून तिथल्या कॅप्टनना फार कठोर निर्णय स्वतः घ्यावे लागतात.

यशही वेगळं मोजतात. युतीचं यश जिंकलेल्या लढाईत किंवा शत्रूने टाळलेल्या हल्ल्यात दिसतं. राखणीचं यश म्हणजे माल वेळेवर पोचला आणि विम्याचा दर वाढला नाही, चाचे किती मेले हा आकडा दुय्यम.

आता अँडरमनी साम्राज्य. सायलेशियाचा दुसरा मोठा शेजारी, त्याचीही तिथे नजर. हेवनशी पहिल्या युद्धात तो मँटिकोरचा दोस्तही नाही आणि शत्रूही नाही, पण सायलेशियात दोघांची क्रूझर एकमेकांकडे संशयाने बघत गस्त घालतात. २००२ च्या ‘वॉर ऑफ ऑनर’ मधे हे प्रकरण चकमकींपर्यंत जातं आणि शेवटी दोघे हातमिळवणी करतात, अँडरमनी हेवनविरुद्ध युतीत येतात आणि सायलेशिया दोघांत वाटून घेतला जातो. गस्तीवरून सुरू झालेला वाद युतीत मिटला, चाच्यांचा प्रश्नही बऱ्यापैकी सुटणार, पण ज्यांच्या घराची वाटणी झाली त्या सायलेशियन लोकांना टेबलावर खरी निवड कोणी दिलीच नव्हती, आणि मालिकेत यावर अजून जास्त पानं हवी होती असं मला मनापासून वाटतं.