ज्या खिडकीतून दुरुस्ती करायची, तीच बंद

सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलमध्ये नवं एसएसएल प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारा, सुरक्षित जोडणीसाठी लागणारा डिजिटल दाखला) चढवलं, ‘सेव्ह’ दाबलं, आणि पान परत आलंच नाही. हा उद्योग मी केलाय, तोही अपरात्री. पहिली पंधरा मिनिटं रिफ्रेश दाबण्यात गेली.

अशा वेळी सर्व्हर बहुतेकदा ठणठणीत असतो. पॅनेल हा त्यावरचा एक वेगळा प्रोग्रॅम. वेबसाइट 443 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या एका क्रमांकित दारावर, तर पॅनेलांपैकी वेबमिन 10000 वर, सीपॅनेल 2083 वर, प्लेस्क 8443 वर. बंद झालेलं असतं एवढं एकच दार.

आता ब्राउझर नेमकं काय म्हणतोय ते वाचा. मुदत संपली किंवा नाव जुळलं नाही, तर तो धोक्याची सूचना देतो. जोडणीच होत नसेल, तर बऱ्याचदा किल्ल्यांचा घोळ असतो. प्रमाणपत्रात असते सार्वजनिक किल्ली. तिची जोडीदार खासगी किल्ली सर्व्हरवर. मधेच कुणी प्रमाणपत्रासाठी नवा अर्ज तयार करताना जुनी खासगी किल्ली पुसली, की हाती आलेलं प्रमाणपत्र अस्सल असूनही निकामी. माझं तर याहून साधं होतं: त्या पॅनेलला किल्ली आणि प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये लागायचं, मी नुसतं प्रमाणपत्रच चिकटवलं.

कधी सूचना दिसते, पण ‘तरीही पुढे जा’ हे बटणच नसतं. ही 2012 साली प्रमाणित झालेल्या एचएसटीएस नियमाची करामत. साइट एकदा ब्राउझरला सांगते, ‘माझ्याकडे सुरक्षित जोडणीनंच ये’, आणि तो ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत, अनेकदा वर्षभर, लक्षात ठेवतो. नियम नावाला चिकटतो, पोर्टला नाही. म्हणून साइटपायी पॅनेलही अडकतं. मात्र आयपी पत्त्याला, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्याला, तो लागू होत नाही. नावाऐवजी आयपी टाकला की बटण पुन्हा दिसतं. ते दाबण्याआधी प्रमाणपत्राचा फिंगरप्रिंट (त्याची खूण असलेली अक्षर-आकड्यांची ओळ) आपल्याच सर्व्हरचा आहे ना, हे ताडून पाहायचं. एरवी पासवर्ड भलत्याच्याच हाती जायचा.

तेही जमलं नाही, तर एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरून आज्ञा द्यायची कूटबद्ध वाट. 1995 पासूनच्या या पद्धतीत ओळख पटवायला सहसा प्रमाणपत्र देणारी तिसरी संस्था लागत नाही. सर्व्हरची किल्ली तुमच्या संगणकानं पहिल्या भेटीतच टिपून ठेवलेली असते. त्यामुळे प्रमाणपत्राचा कितीही विचका झाला तरी 22 क्रमांकाचं हे दार उघडंच. आत गेल्यावर वेबमिनच्या ‘मिनिसर्व्ह’ या सेटिंग फाइलमध्ये ‘एसएसएल=1’ अशी ओळ सापडते. तिथे 0 करून सेवा पुन्हा सुरू केली की पॅनेल साध्या एचटीटीपीवर येतं.

इथे घाई नको. साध्या एचटीटीपीवर पासवर्ड उघडा प्रवास करतो. म्हणून फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात) 10000 बाहेरून बंद ठेवायचा आणि एसएसएचचाच बोगदा काढायचा: आपल्या संगणकाचा 10000 पोर्ट त्यातून सर्व्हरच्या 10000 ला जोडायचा. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे आपलाच संगणक) 10000 पोर्टवर उघडलं की पॅनेल समोर, वाटेत सगळं कूटबद्ध.

हे प्रसंग आता वाढतील असं मला वाटतं. मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं आजवर 90 दिवसांची असायची, आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार मार्च 2029 पासून कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राचं आयुष्य जास्तीत जास्त 47 दिवस असेल. मी आता प्रमाणपत्राची अदलाबदल करताना एसएसएचची खिडकी बाजूला उघडी ठेवतो, आणि नवं पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये दिसल्यावरच ती बंद करतो.